जेल रोडचा जिना, माझा डोंगल आणि वहीतलं पान ४४

इंदूरच्या जेल रोडवर पहिल्या मजल्यावर कम्प्यूटर दुरुस्तीचं एक दुकान आहे. पाटीवरचं नाव उन्हानं उडून गेलंय, 'कम्प्यूटर्स' एवढंच उरलंय. मालकांना म्हटलं, तुमच्याबद्दल चार ओळी लिहिणार आहे, नाव काय घालू? ते म्हणाले, "नाव राहू द्या ताई, आत्ताच जिन्यावर माणसं उभी असतात." म्हणून नाव नाही. गरज असेल त्यानं उडालेली पाटी शोधावी.

तिथे का गेले ते आधी सांगते. माझं रामबागेत घरीच डीटीपीचं काम आहे. लग्नाच्या आणि मुंजीच्या पत्रिका, वर्षश्राद्धाची कार्डं, भाद्रपदात मंडळांच्या स्मरणिका. २०१० पासून मी उबुंटूवर आहे, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकटच्या लिनक्सवर. त्याआधी विंडोजमध्ये व्हायरस शिरून एका मंडळाची अख्खी स्मरणिका जाहिरातींसकट गेली होती. त्या रात्री भाच्यानं सीडी आणून उबुंटू टाकून दिलं. भाचा पुढे बेंगळुरूला गेला, उबुंटू राहिलं. मी काही संगणक शिकलेली बाई नाही, कमांड, म्हणजे मशीनला टाइप करून द्यायचे हुकूम, मला पाठ होत नाहीत. त्यासाठी दोनशे पानी वही केलीय. डाव्या पानावर कमांड, उजव्या पानावर ती कधी दिली, का दिली आणि पुढे काय झालं. घरात सगळे हसतात त्या वहीला. पुढे तिचं काम आहे.

लॅपटॉप सडपातळ आहे, त्याला लॅनची केबल लावायला जागाच नाही. म्हणून २०२१ साली यूएसबीला लावायचं लॅन कार्ड घेतलं, १,९०० रुपये. आत रिअलटेकची आरटीएल ८१५६ ही चिप, वेग २.५ गिगाबिट. माझा राउटर एक गिगाबिटचा आणि फायबरचं कनेक्शन १०० एमबीपीएसचं, त्यामुळे त्या अडीचाचा मला काडीचा उपयोग नाही. दुकानात त्या दिवशी तेच शिल्लक होतं. दुसरी वस्तू म्हणजे हुआवेईचा ई३३७२ हा ४जी डोंगल, म्हणजे सिम घालून यूएसबीला लावायचं इंटरनेट. फायबर तुटलं की याच्यावर भागवायचं. आणि फायबर तुटतंच. रस्ता आणि फायबर दोन्ही एकाच वेळी धड आहेत असे दिवस आमच्या गल्लीनं फार थोडे पाहिलेत.

गेल्या भाद्रपदात गणपती बसायला पाच दिवस होते, ६४ पानांची स्मरणिका छापखान्यात पाठवायची होती, आणि सकाळी नळाच्या पाइपासाठी खणणाऱ्यांनी फायबर कापलं. डोंगल लावला. त्याचा दिवा लागला. फाइलींच्या खिडकीत त्याची ड्राइव्हसुद्धा दिसली. इंटरनेट मात्र नाही. काढून दुसऱ्या पोर्टला लावला, नाही. मशीन बंद करून चालू केलं, नाही. सिमचं रिचार्ज ताजं. शेजारच्या मुलाच्या विंडोज लॅपटॉपला लावला तर पळायला लागला. परत माझ्याकडे आणला, पुन्हा मेला.

शेवटी मोबाइल केबलनं जोडला, त्याच्या नेटवर पीडीएफ पाठवली. आणि काय बघते, वरच्या कोपऱ्यातल्या यादीत एक जादा वायर्ड कनेक्शन. डोंगल उठला होता! मोबाइल काढून घेतला तरी तो चालूच. रात्री मशीन बंद केलं, सकाळी डोंगल पुन्हा गार. मोबाइल जोडला, उठला. असं चार दिवस. त्या आठवड्यात माझ्या वहीत नोंद आहे: "डोंगलला सोबत लागते." लिहिताना मी अर्धी गमतीत होते, अर्धी नव्हते.

त्या चार दिवसांत माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली: लॅन कार्ड आणि डोंगल यांचं आपसात जमत नाही. लॅन कार्ड काढून ठेवलं तरी डोंगल चालत नव्हता, हेही मी पाहिलं होतं. तेव्हाच उमजायला हवं होतं. पण एकदा भांडण आहे असं ठरवलं की माणूस भांडणाचेच पुरावे गोळा करतो.

आधी घरी येणारा एक मेकॅनिक बोलावला होता. त्यानं दहा मिनिटं स्क्रीनकडे पाहिलं आणि सांगितलं, "आंटी, लिनक्स में ये सब नहीं चलता. फॉर्मॅट मार देते हैं, विंडोज डाल दूँगा, बारह सौ लगेंगे." त्याला चहा पाजला आणि पाठवून दिलं. मग छापखान्यातल्या प्लेट काढणाऱ्या भाऊंनी जेल रोडचा पत्ता सांगितला. म्हणाले, "मशीन आमचं पण त्यांनीच उठवलं होतं. पण बोलतात फार."

जिना अरुंद, पायऱ्या उंच, कठड्याच्या जागी नायलॉनची दोरी. गुडघे दुखत असतील तर कोणाला तरी बरोबर न्या. वर दहा बाय बाराची खोली. भिंतीवर खिळ्यांना जुने मदरबोर्ड टांगलेत, देवाच्या तसबिरीला सुद्धा त्यातूनच जागा काढलीय. गिऱ्हाइकासाठी एक स्टूल आहे, त्यावर कोणाचा तरी प्रिंटर बसलेला होता. पंखा बंद, कारण टेबलावर उघडलेल्या प्रोसेसरवर पेस्ट लावणं चाललं होतं आणि धूळ बसायला नको. सप्टेंबरचा उकाडा, आणि सोल्डरचा वास. मालक पन्नाशीच्या पुढचे, चष्मा गळ्यात दोरीला. आपलेच, मराठी. हाताखाली दोन मुलं, ती हिंदीतून बोलणारी.

"काय होतंय ताई?"

"डोंगल आणि लॅन कार्डाचं भांडण आहे."

"कोण म्हणालं?"

"मीच."

"म्हणजे भांडताना बघितलंय का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग ते खरोखर बोलायला लागले, प्लेटवाल्या भाऊंचं खरं होतं. पण हे बोलणं मला आवडलं म्हणून थोडं सांगते. सायबर कॅफेंच्या पहिल्या दिवसांत त्यांनी शहरात बरीच कनेक्शनं बसवली होती. त्यांच्या मते खरी भांडणं ती. मशीनच्या पोटात डायल-अपचा मोडेम, तो कॉम २ या पोर्टवर, म्हणजे त्याला आयआरक्यू ३ हवा. शेजारी एनई२००० जातीचं लॅन कार्ड, ते बरेचदा कारखान्यातूनच आयआरक्यू ३ वर बसवून यायचं. आयआरक्यू म्हणजे प्रोसेसरला हाक मारायची घंटी. दोघांनी एकच घंटी वाजवली की कोण आलंय ते प्रोसेसरला कळत नाही. नेटवर्क चालू केलं की फोन तुटायचा, फोन लावला की नेटवर्क झोपायचं. "मग लॅन कार्ड पाचवर न्यायचं," ते म्हणाले, "की साउंड कार्ड बोंबलायचं, त्याचा पाच ठरलेला." तेव्हा हे सगळं कार्डावरचा इवलासा जंपर चिमट्यानं इकडून तिकडे हलवून करायचं. ते जंपर अजून त्यांच्याकडे कुंकवाच्या डबीत आहेत. उघडून दाखवले. काळे, तांदळाएवढे.

"यूएसबीत घंटीचं भांडण नाही. यूएसबीत एकच विचारायचं, कोणाला कोणी धरलंय."

असं म्हणून त्यांनी माझ्या मशीनला दोन्ही वस्तू लावल्या आणि एलएसयूएसबी ही कमांड दिली, पुढे एक आडवी रेघ आणि टी. ही कमांड माझ्या वहीत होती, पण टी नव्हता. टी लावला की झाडासारखी यादी येते, कोण कुठल्या पोर्टावर लटकलंय ती, आणि प्रत्येक ओळीत 'ड्रायव्हर', बरोबरचं चिन्ह, आणि पुढे नाव. ड्रायव्हर म्हणजे ती वस्तू चालवणारा प्रोग्रॅम. लॅन कार्डाच्या ओळीत आर८१५२ लिहिलेलं होतं. डोंगलच्या तीन ओळी होत्या. तिसरीत यूएसबी-स्टोरेज, म्हणजे ती मला दिसणारी ड्राइव्ह. पहिल्या दोन ओळींत बरोबरच्या चिन्हापुढे काही नाही. कोरं.

त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक स्क्रीनला न टेकवता त्या कोऱ्या जागेवर धरलं. "हे बघा. याला धरायला कोणी आलंच नाही. भांडायला दोघं लागतात ना?"

मला वाटतं या दुकानाबद्दल सांगण्यासारखं जे आहे ते एवढंच आहे. चार दिवस मी पोर्ट बदलत होते, रिचार्ज तपासत होते, सोबतीच्या गोष्टी रचत होते. ही ओळ कोणीच वाचली नव्हती. बारह सौवाल्यानंही नाही.

डोंगलला धरणारा ड्रायव्हर म्हणजे सीडीसी-ईथर. ई३३७२ हा डोंगल माझ्याकडे हायलिंक पद्धतीनं चालतो. लावला की आधी तो स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणवतो, मग यूएसबी-मोडस्विच नावाचा प्रोग्रॅम त्याला टपली मारतो आणि तो १२डी१:१४डीसी या नंबरानं नव्यानं उगवतो. त्यानंतर लिनक्सला तो मोडेम वाटतच नाही, एक वायर्ड लॅन कार्ड वाटतं. नंबर लावायचा नाही, पासवर्ड नाही. टपलीपर्यंत सगळं ठीक झालं होतं. पुढे सीडीसी-ईथर यायला हवा होता, तो आला नाही.

"कोणीतरी अडवलाय त्याला. तुम्ही काही टाकलं होतं का मशीनमध्ये?"

"नाही हो, मी कशाला?"

"सगळे हेच म्हणतात," हे एका मुलानं म्हटलं, हिंदीतून, आणि मालकांनी त्याला गप्प केलं. मग मी वही काढली.

वही पाहून मालक खुर्चीवरून उठलेच. मुलांना बोलावून दाखवली. मला अवघडल्यासारखं झालं, पण बरंही वाटलं. पानं उलटत ते ४४ वर थांबले. जुलै २०२१. तेव्हा मशीनवर उबुंटू २०.०४ होतं, त्याचा गाभा म्हणजे कर्नल ५.४, आणि लॅन कार्ड नवं कोरं. उजव्या पानावर माझंच अक्षर: "डिस्क भरली. लॉगनं ९ जीबी खाल्ले. कार्ड सारखं कनेक्टेड, कनेक्टेड म्हणतंय."

झालं असं होतं. त्या जुन्या कर्नलमधल्या आर८१५२ या ड्रायव्हरला ८१५६ ही चिप ओळखीची नव्हती. म्हणून सीडीसी-एनसीएम हा सर्वसाधारण ड्रायव्हर तिला धरायचा. ही चिप दर ३२ मिलिसेकंदांनी "मी जोडलेली आहे" असं सांगते, आणि त्या वेळचा सीडीसी-एनसीएम ते प्रत्येक सांगणं लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या रोजनिशीत, लिहून काढायचा. सेकंदाला तीसेक वेळा. चोवीस तासांचा हिशेब केला तर सत्तावीस लाख ओळी होतात. पुढच्या कर्नलमध्ये हे लिहिणं बंद केलं गेलं, बदल झाला तरच लिहायचं असं ठरलं. पण मला २०२१ मध्ये ते कुठलं माहीत. मी कुठूनसा उपाय उतरवून घेतला: चिप बनवणाऱ्यांचा ड्रायव्हर स्वतः कंपाइल करायचा, आणि मॉडप्रोबच्या, म्हणजे ड्रायव्हर बोलावणाऱ्या कमांडच्या, फोल्डरात एक फाइल करून त्यात दोन ओळी लिहायच्या. ब्लॅकलिस्ट सीडीसी-एनसीएम. ब्लॅकलिस्ट सीडीसी-ईथर.

पहिल्या ओळीसमोर उजव्या पानावर कारण लिहिलेलं होतं. दुसरीसमोर काहीच नव्हतं. ती एकावर एक फ्री आली होती.

त्यानंतर मी २२.०४ वर आले. उबुंटूनं मशीनमधलं सगळं बदललं, पण हातानं लिहिलेली फाइल ते तशीच ठेवतं, आणि ते योग्यही आहे. नव्या कर्नलमधला, म्हणजे ५.१५ मधला, आर८१५२ आता ८१५६ ला ओळखतो. ती सोय ५.१३ पासून आली. म्हणजे रोग गेला, पथ्य चालूच. आणि पथ्य पाळत होता डोंगल, जो मी फाइल लिहिल्यानंतर दीड वर्षानं विकत घेतला. इतके दिवस फायबर तुटलं की मी आळसानं मोबाइल जोडत होते, त्यामुळे डोंगल एकटा कधी लावलाच नव्हता.

"मग मोबाइल लावला की डोंगल का उठतो?" मी विचारलं. मला त्या सोबतीचं उत्तर हवंच होतं.

ते हसले. "तुम्ही पत्रिका छापता ना? ब्लॅकलिस्ट म्हणजे पत्रिका न पाठवणं. एवढंच. डोंगल आला की सिस्टम सीडीसी-ईथरला पत्रिका पाठवते, ती तुम्ही बंद केली. पण मोबाइल केबलनं जोडला की आरएनडीआयएस-होस्ट नावाचा ड्रायव्हर येतो. तो सीडीसी-ईथरशिवाय चालत नाही, येताना त्याला हाताला धरून आणतो. आता मांडवात आलेल्या माणसाला पत्रिका कोण विचारतं? तो बसला, त्याला ओळखीचा डोंगल दिसला, त्यानं धरला. मोबाइल गेला तरी हा बसलेलाच. रात्री मशीन बंद, मांडव उठला."

मी आयुष्यात बरीच पत्रिका-प्रकरणं निस्तरली आहेत, पण इतकं चोख कोणी समजावलं नव्हतं.

इथे त्यांनी हातानं मॉडप्रोब देऊन सीडीसी-ईथर बोलावला. नाव घेऊन बोलावलं की ब्लॅकलिस्ट आड येत नाही. दोन सेकंदांत कोपऱ्यात कनेक्शन उगवलं. मी पर्स उघडली. ते म्हणाले, थांबा, हे तर तात्पुरतं झालं, मूळ बघू द्या.

ती फाइल त्यांनी पुसली नाही. तिच्या नावाच्या शेवटी 'जुनी' असं जोडलं. नाव 'कॉन्फ'नं संपत नसेल तर ती वाचलीच जात नाही, आणि पुढेमागे पाहायची झाली तर जागेवर असते. मग इनिट-रॅमएफएस, म्हणजे मशीन सुरू होताना आधी वाचलं जाणारं गाठोडं, नव्यानं बनवलं, कारण या फायलींची एक प्रत त्यातही जाते आणि मग माणूस म्हणतो, पुसलं तरी जात नाही. त्यानंतर मशीन तीनदा बंद-चालू केलं आणि तिन्ही वेळा तीच झाडाची यादी पाहिली. डोंगल तिन्ही वेळा सीडीसी-ईथरकडे, ठीक. लॅन कार्ड मात्र पहिल्यांदा आर८१५२ कडे, दुसऱ्यांदा सीडीसी-एनसीएमकडे, तिसऱ्यांदा परत आर८१५२ कडे.

"हं," मालक म्हणाले. "हे थोडंसं भांडण म्हणता येईल. ज्याचा हात आधी लागला त्याचं कार्ड."

या चिपमध्ये एकाहून जास्त कॉन्फिगरेशनं असतात. एकात ती आपल्या स्वतःच्या ड्रायव्हरशी बोलते, बाकीच्यांत कुठल्याही सर्वसाधारण ड्रायव्हरशी. लिनक्सचा कल आधी सर्वसाधारणकडे असतो, म्हणून सीडीसी-एनसीएमला संधी मिळते. नेट त्यानंही चालतं. पण कधी हा, कधी तो, हे मालकांना मान्य नव्हतं. त्यांनी यूडेव्हच्या, म्हणजे वस्तू जोडली की काय करायचं ते पाहणाऱ्या प्रोग्रॅमच्या, फोल्डरात एका ओळीचा नियम लिहिला: ०बीडीए:८१५६ या नंबराची वस्तू आली की तिचं कॉन्फिगरेशन १ कर. झालं. ड्रायव्हरवर बंदी नाही, सगळ्यांना पत्रिका गेली, फक्त एका पाहुण्याची खुर्ची ठरवून टाकली. त्यानंतर चार वेळा बंद-चालू केलं, चारही वेळा आर८१५२. प्रत्येक वेळी एका मुलानं पाटीवर रेघ मारली, कॅरमचे पॉइंट मांडावेत तशी.

तोवर पन्नास मिनिटं झाली होती, जिन्यावर तीन माणसं उभी होती, आणि एक जण खालून ओरडत होता, "भिया, कितना टाइम?" तरी एक काम त्यांनी आपणहून केलं. दोन्ही वस्तू लिनक्सला वायर्डच वाटतात, त्यामुळे नेटवर्क मॅनेजर एकीला मेट्रिक १०० देतो, दुसरीला १०१. कमी आकड्याची वाट आधी. म्हणजे डोंगल आधी उठला तर घरात फायबर असूनही सगळं ४जीवरून जाणार आणि माझं रिचार्ज उडणार. त्यांनी डोंगलच्या कनेक्शनचा मेट्रिक ७०० केला. लॅनची केबल काढली, डोंगलनं सांभाळलं. परत लावली, लॅन पुढे आली.

मी विचारलं, पण आमच्याकडे केबल निघत नाही, फायबर बाहेर तुटतं, राउटर तर चालूच असतो. ही शंका त्यांना आवडली. उबुंटू अधूनमधून बाहेर नेट खरंच आहे का ते तपासतं, नसेल तर त्या वाटेच्या मेट्रिकमध्ये २०,००० मिळवतं, मग ७०० चा डोंगल आपोआप पुढे येतो. पण लगेच नाही, पाचेक मिनिटं जाऊ शकतात. घरी येऊन फायबरची वायर डब्यातून काढून पाहिली. चहा ठेवला, गाळला, अर्धा प्याले, तेव्हा पानं उघडायला लागली. मला चालतं. ज्यांच्या ऑनलाइन मीटिंगा असतात त्यांना चालणार नाही, त्यांनी दोन वॅनचा, म्हणजे बाहेरची दोन कनेक्शनं लावता येतील असा, राउटर घ्यावा.

पैसे ४०० घेतले. मी ५०० दिले, त्यांनी १०० परत केले.

तक्रारी आहेत. बिल मिळत नाही. मागितलं तर जुन्या कॅलेंडराच्या पाठीमागे तारीख आणि रक्कम लिहून देतात, आणि ज्याला हिशेब दाखवायचा आहे त्याला तो कागद कुठे दाखवावा हा प्रश्नच आहे. फोन उचलत नाहीत, म्हणजे अजिबात नाही. दुपारी दीड ते चार बंद, आणि पाटी नसल्यासारखी असल्यामुळे बंद आहे की दुकानच नाही हेही कळत नाही. एका मुलानं न विचारता माझ्या लॅपटॉपच्या झाकणावर दुकानाचं स्टिकर चिकटवलं, गंमत म्हणजे त्यावरचंही नाव पुसट. ते काढायला मला खोबरेल तेल लागलं. आणि बोलणं. घाई असलेल्या माणसानं तिथे जाऊ नये. आयआरक्यू ३ ची गोष्ट मी जिना उतरताना दुसऱ्या गिऱ्हाइकाला सुरुवातीपासून ऐकवलेली ऐकली.

वस्तूंबद्दल दोन शब्द, कारण काही जण त्यासाठीच वाचत असतील. ८१५६ चं लॅन कार्ड आता सहा महिने कुरकुर न करता चाललंय, तापतं मात्र, उन्हाळ्यात हात लावला तर चटका नाही पण नकोसं वाटतं. २०.०४ वर अजून असाल आणि जुनंच कर्नल असेल तर हे कार्ड घेऊ नका, किंवा आधी नवं कर्नल घ्या. एक गिगाबिटवालं ८१५३ स्वस्त पडतं आणि जुन्या लिनक्सलाही ओळखीचं आहे, माझ्यासारख्यांना तेच पुरे. ई३३७२ साठी वेगळं काही टाकावं लागत नाही, १९२.१६८.८.१ हे पान उघडलं की सिमची रेंज, मेसेज, सगळं दिसतं. मालकांनी एक सांगून ठेवलं: असे दोन हायलिंक डोंगल एकाच मशीनला एकदम लावू नका. दोघंही स्वतःला तेच १९२.१६८.८.१ म्हणवतात, आणि बरेचदा त्यांचा हार्डवेअर पत्तासुद्धा एकच असतो. ते झालं तर मात्र खरं भांडण, तेव्हा या म्हणाले.

जायचं असेल तर चारनंतर जा. लॅपटॉपबरोबर त्याचा चार्जर, आणि दुखणाऱ्या वस्तूबरोबर न दुखणारी वस्तूही न्या, कारण ते दोन्ही मागतात. लिहून ठेवलेलं काही असेल तर तेही. आणि कोणी या आठवड्यात जाणारच असेल तर एक काम आहे. माझ्या डोंगलचं टोपण तिथेच राहिलंय. चार दिवसांनी मालकांचा फोन आला होता, उचलत नाहीत पण करतात, जंपरच्या त्या कुंकवाच्या डबीत ठेवलंय म्हणून. रामबागेत आणून दिलंत तर चहा नक्की.